घंटा वाजवणारा ओनेस्फोर

ओनेस्फोर भला माणूस आहे असं कोणी म्हटलं की मी भांडते. तो हरामखोर आहे असं कोणी म्हटलं तरी मी भांडते. त्यामुळे न्याकाझिबाच्या टेकडीवर माझ्याशी त्याच्याबद्दल कोणी बोलत नाही. मला मात्र बोलायचं असतं ते त्याच्याबद्दलच.

अंगानं ठेंगणा. उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली. एकतीस वर्षं एकाच दोराला लोंबकळल्यावर दुसरं काय होणार! आमच्या चर्चची घंटा वाजवायची, मेणबत्त्या लावायच्या, पाद्र्यांचे झगे धुऊन घड्या घालायच्या, किल्ल्या सांभाळायच्या, एवढं त्याचं काम. पगार नावाला, रुबाब मात्र केवढा! चिखलाच्या पायांनी कोणी आत शिरलं की अंगावर धावून यायचा. कोणी रविवारची प्रार्थना, मिस्सा, चुकवली तर भर बाजारात विचारायचा, "काय रे, मेला होतास काय रविवारी?" लोक त्याला 'बिशप' म्हणायचे. तो नको नको म्हणायचा आणि ओठ दाबून हसायचा.

त्याची बायको स्कोलास्तिका त्याच्याहून वीतभर उंच. तिच्या ओळखपत्रावर जात तुत्सी लिहिलेली, त्याच्या ओळखपत्रावर हुतू. मूलबाळ नव्हतं. माझी आई वेरेदियाना त्याची चेष्टा करायची, "दादा, बायकोशी भांडायचं तर तुम्हाला स्टूल लागत असेल, नाही?" तो म्हणायचा, "अगं, ती वाकते खाली. म्हणून तर संसार टिकलाय." मग दोघं एकाच भांड्यात नळ्या घालून केळ्याची दारू पीत बसायची. माझे वडील टीबीनं गेले तेव्हा त्यांची कबर ओनेस्फोरनं स्वतः खणली होती. मी त्याला काका म्हणायचे.

त्याच्याकडे एकच गोष्ट होती आणि ती तो दर नाताळात सांगायचा. त्रेसष्ट सालची. तो तेव्हा विशीतला, नुकताच कामाला लागलेला. नाताळच्याच आठवड्यात हुतूंचे जमाव निघाले, तुत्सींची घरं पेटवत टेकडी टेकडीनं येऊ लागले. तेव्हाचे म्हातारे गोरे फादर त्याला म्हणाले, "वाजव." कशी वाजवू? मिस्सेची वाजवली तर लोकांना कळणार नाही, मयताची वाजवली तर घाबरतील. मग त्यानं स्वतःच्या डोक्यानं वाजवली. तीन ठोके, थांबायचं, पुन्हा तीन. तळहात सोलून निघाले. लोक आले, चर्च भरलं. जमावही आला. फादर दारात हात पसरून उभे राहिले आणि आमच्या भाषेची मोडतोड करत म्हणाले, "पायरी नाही चढायची." आणि नाही चढले ते! शिव्या दिल्या, अंगणातली केळी तोडली आणि गेले.

माझी आई तेव्हा सात वर्षांची होती. आजीबरोबर ती त्याच चर्चमध्ये होती. आजोबांचा पाद्र्यांवर विश्वास नव्हता, ते एकटे नदीकडे गेले, पलीकडे बुरुंडी देशात पोचायला. अकन्यारूच्या काठाला माणसं टपून बसली होती. त्यांनी आजोबांचे हात मागे बांधले, पोट फाडलं आणि पाण्यात ढकललं. त्र्याहत्तर साली पुन्हा दंगल झाली, पुन्हा तीच घंटा वाजली, पुन्हा लोक आत वाचले. आमच्या टेकडीवर हे सगळ्यांना पाठ होतं. चर्चमध्ये गेले ते जगले, नदीवर गेले ते मेले. ओनेस्फोरनं हे डोळ्यांनी पाहिलं होतं. त्याला दोष द्यायला मी कितीदा बसते, आणि दर वेळी इथं येऊन अडते.

चौऱ्याण्णवच्या एप्रिलमध्ये राष्ट्राध्यक्षांचं विमान पडलं आणि देशात तुत्सींची कत्तल सुरू झाली. आमच्याकडे दहा-बारा दिवस काहीच झालं नाही. मग समोरच्या टेकडीवर धूर दिसला, दुसऱ्या दिवशी तिच्या अलीकडच्या टेकडीवर. रेडिओवर दिवसभर आम्ही तुत्सी म्हणजे झुरळं होतो. आई भित्री नव्हती, पण बावळटही नव्हती. ती म्हणाली, "या वेळचं वेगळं आहे. या वेळी बायकापोरांनाही मारतायत." तिनं घेवडा आणि उकडलेली रताळी फडक्यात बांधली, माझ्या धाकट्या बहिणीला, सहा वर्षांच्या फ्लोरिदाला, पाठीशी बांधलं आणि आम्ही भर दुपारी नदीची वाट धरली. मी चौदा वर्षांची होते. नदी दोन तासांवर. आणि त्या वर्षी, त्या दिवशी, काठावर अजून मारेकरी पोचलेले नव्हते. शेजारची दोन घरं आमच्या आधी गेली होती. ती सगळीच्या सगळी आजही जिवंत आहेत.

आम्ही चर्चच्या खालून वळलो आणि घंटा सुरू झाली. तीन ठोके, थांबली, तीन ठोके. आईचे पाय जागीच थांबले. टेकडीवरून माणसं धावत निघाली, गाद्या, कोंबड्या, म्हातारी पाठुंगळी. ओनेस्फोरनं दोर दुसऱ्या कोणाच्या हातात दिला आणि तो फाटकाशी येऊन माणसं आत घ्यायला लागला. आम्हाला उलट्या दिशेला तोंड करून उभं पाहिलं तसा धावतच आला.

"वेरेदियाना, कुठं निघालीस?"

"नदीला, दादा. तुम्हीही चला. वहिनींना घ्या आणि चला."

"वेड लागलंय का तुला? पोरींना घेऊन नदीला?"

"या वेळचं वेगळं आहे म्हणतात."

"दर वेळी म्हणतात. त्रेसष्टलाही म्हणत होते. तुझा बाप कुठं गेला होता गं? सांग ना, कुठं गेला होता?"

आईनं पाठीवरच्या फ्लोरिदाला वर सरकवलं.

"आणि तू कुठं होतीस?" तो म्हणाला. "माझ्या पायाशी बसली होतीस, घंटेखाली. कानांवर हात ठेवून. जगलीस ना? चल."

त्यानं तिच्या डोक्यावरचं बोचकं घेतलं आणि चालायला लागला. आई त्याच्यामागे गेली. मी म्हटलं, "आई, नको ना." तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "काकांना आपल्यापेक्षा जास्त माहीत आहे." एवढंच. हे बोलणं ऐकणारी त्या रस्त्यावर चार माणसं होती, आणि त्यातली दोन आता उरलीत.

दोन दिवस आम्ही आत होतो. हजाराच्या वर माणसं, बसायला जागा नाही, पोरांच्या मुताचा वास, म्हाताऱ्यांचं कण्हणं. आणि ओनेस्फोर खुशीत होता! हे मी विसरू शकत नाही. लग्नघरातल्या यजमानासारखा तो पाण्याचे डबे घेऊन फिरत होता. पोरं भुकेनं रडायला लागली तेव्हा त्यानं पवित्र भाकरीचा डबाच उघडला आणि मूठमूठ वाटली. आमचे पाद्री, काळे, तरुण, पहिल्याच दिवशी जीपमध्ये बसून "मदत आणतो" म्हणून गेले होते. कोणीतरी विचारलं, "फादर नाहीत, मग दारात कोण उभं राहणार?" ओनेस्फोर म्हणाला, "मी आहे ना."

तिसऱ्या दिवशी सकाळी ते आले. पुढे गणवेशातले सहा शिपाई बंदुका घेऊन, मागे आमचीच टेकडी. कोयते, भाले, खिळे ठोकलेले सोटे, अंगाला केळीची पानं गुंडाळलेली. म्होरक्या होता फोकास, आमच्या चर्चच्या गायकमंडळाचा प्रमुख. ईस्टरला याच दारात उभा राहून त्यानं गाणी म्हणवून घेतली होती, मलाही सूर चुकले म्हणून कान पिळला होता.

ओनेस्फोरनं पाद्र्यांचा पांढरा झगा चढवला होता. तो त्याच्या पायात येत होता. तो दारात हात पसरून उभा राहिला आणि म्हणाला, "पायरी नाही चढायची."

सगळे हसले. खरंच हसले. मी दारापासून तिसऱ्या बाकाखाली होते, मला सगळं दिसत होतं.

"बिशप, बाजूला हो," फोकास म्हणाला. "तू आपला आहेस. तुझ्याशी आमचं काही नाही."

"फोकास, तुझी सोयरीक मी जुळवली. तुझ्या पोरांच्या बाप्तिस्म्याचं पाणी मी धरलं..."

"म्हणून तर तोंडानं सांगतोय."

ओनेस्फोर हलला नाही. फोकासनं कोयत्याची उलटी बाजू त्याच्या तोंडावर मारली. दात पडले, पांढऱ्या झग्यावर रक्ताचा ओघळ आला. तो खाली बसला आणि पुन्हा उठला, पुन्हा हात पसरले. दुसरा घाव खांद्यावर, तिसरा गुडघ्यावर. मग दोघांनी त्याला फरपटत नेलं आणि घंटेच्या खांबाला तिच्याच दोरानं बांधलं. फोकास त्याच्या गालावर थोपटत मोठ्यानं म्हणाला, "उपकार झाले, बिशप. तू गोळा करून दिलेस. नाहीतर एकेकाला शोधत नदीपर्यंत धावावं लागलं असतं."

हे वाक्य सगळ्यांनी ऐकलं. बाहेरच्यांनी आणि आतल्यांनीही.

मग हातबॉम्ब. पहिला वेदीपाशी फुटला. धूर, कान बंद, आणि माझ्या अंगावर कोणाचातरी हात पडला, नुसता हात. शिपायांनी दारातून गोळ्या झाडल्या, मग ते बाजूला झाले आणि टेकडी आत शिरली. ते घाईत नव्हते. बाकांच्या रांगा धरून येत होते, शेतात कापणी करतात तसे, आणि फोकास उभा राहून कोणी कुठली रांग घ्यायची ते हातानं दाखवत होता. मागची शिक्षिकाबाई ओरडत होती, "पैसे घ्या, गोळी घाला, गोळी घाला." तिला गोळी मिळाली नाही. आधी घोट्यामागच्या शिरा तोडायचे, म्हणजे माणूस पळत नाही, आणि सावकाश परत येऊन उरलेलं काम करायचे. 'काम' हाच त्यांचा शब्द होता.

फोकासनं हाक मारली, "बिशपची बायको कुठंय? बाहेर ये. तुला सोडतो." स्कोलास्तिका उठली. तिनं माझ्या फ्लोरिदाला कडेवर उचललं होतं. दाराशी तिला अडवलं.

"हे पोर कोणाचं?"

"माझं."

"खोटं बोलते. तुला पोर कुठंय? टाक खाली."

"माझं आहे," ती पुन्हा म्हणाली.

तिला पायरीवर नेलं, ओनेस्फोरच्या समोर. तिनं पोरीला सोडलं नाही, म्हणून दोघींना एकत्रच तोडलं. ओनेस्फोरचा आवाज मी ऐकला. तो माणसाचा आवाज नव्हता, आणि दोराला बसलेल्या हिसक्यानं खांबावरची घंटाही थोडी हलली.

आईनं मला खाली दाबलं आणि स्वतः माझ्यावर पडली. तिच्या मानेवर घाव बसला तेव्हा तिचे दात माझ्या डोक्यात रुतले. तोच कोयता खाली येऊन माझ्या उजव्या हाताची तीन बोटं घेऊन गेला. आई लगेच मेली नाही. बराच वेळ तिचा श्वास माझ्या कानाशी घुरघुरत होता. चार वाजता शिट्टी झाली आणि ते घरी जेवायला गेले. उद्या उरलेलं करू, असं बोलत गेले.

संध्याकाळचं ऊन खिडक्यांतून प्रेतांवर पडलं होतं तेव्हा कोणीतरी आत आलं. कोणी त्याला सोडलं होतं ते मला माहीत नाही. तो ओनेस्फोर होता, लंगडत, तोंड सुजून भोपळ्याएवढं झालेलं. एकेकाची मान वळवून बघत होता. आईपाशी आला, तिला सरकवलं, आणि त्याला माझे डोळे उघडे दिसले.

तो खाली बसला. त्यानं झग्याची पट्टी फाडून माझा हात बांधला. मी त्याच्या तोंडावर थुंकले. त्यानं पुसलंही नाही.

"नदीकडे जा, पोरी," तो म्हणाला. "झाडीतून जा. नदीकडे जा."

दोन दिवसांपूर्वी आम्ही नदीकडेच निघालो होतो. आईला तिथंच टाकून मी गेले. लव्हाळ्यातून, पाण्यातून, तरंगणाऱ्या माणसांना बाजूला सारत पलीकडे पोचले.

पुढच्या वर्षी परतले. चर्चमध्ये हाडं तशीच होती. मी आईला तिच्या निळ्या लुगड्यावरून ओळखलं. ओनेस्फोरला नव्या सरकारच्या सैन्यानं पकडून नेलं होतं, कारण सगळ्या टेकडीला ठाऊक होतं की घंटा त्यानं वाजवली. अकरा वर्षं तो खटल्याशिवाय आत राहिला. मी शिवणयंत्र घेतलं, सात बोटांनी शिवायला शिकले, आणि त्या अकरा वर्षांत एक दिवस असा गेला नाही की तो आत आहे म्हणून मला बरं वाटलं नाही.

मग गवतावरची पंचायत सुरू झाली, गचाचा. गावातलेच नऊ जण न्यायाधीश, खांद्यावरून पट्टे घातलेले, आणि प्रत्येक कैद्याला त्याच्याच टेकडीवर आणून विचारायचं. ओनेस्फोरचा बुधवार ठरला. बाजारात वाचलेल्या बायका मला म्हणाल्या, "दोनातिला, चर्चमधून जगलेली तू एकटीच. 'त्याला माहीत होतं' एवढं म्हण. तीन शब्द. जन्मभर आत सडेल." मी म्हटलं, म्हणेन. मनापासून म्हटलं. आठ दिवस यंत्रावर बसून मी ते तीन शब्द घोकत होते.

कैद्यांच्या गुलाबी कपड्यांत त्याला आणलं. म्हातारा झाला होता, दात नसल्यानं गाल आत गेलेले. फोकासही होता. गुन्हा कबूल केला की शिक्षा अर्धी, आणि दुसऱ्यांची नावं सांगितली की आणखी वजन, हे त्याला चांगलं कळलं होतं. तो उभा राहून गायकमंडळाच्याच आवाजात म्हणाला, "ठरलं होतं तसं ओनेस्फोरनं घंटा वाजवून लोक गोळा केले. मी त्याचे उपकारही मानले होते, सगळ्यांनी ऐकलंय." चार-पाच जणांनी मान डोलावली. ऐकलं होतंच त्यांनी.

प्रमुख न्यायाधीश तेओफिला, स्वतः नवरा गमावलेली बाई, म्हणाली, "ओनेस्फोर, घंटा वाजवलीस?"

"वाजवली."

"कोणाच्या सांगण्यावरून?"

"कोणाच्या नाही. मीच."

"ते येऊन मारणार हे माहीत होतं?"

त्यानं मान खाली घातली.

"अरे बोल की बाबा. हो म्हटलंस तर पंचवीस वर्षं, नाही म्हटलंस तर साक्षीदार काय सांगतात ते बघू."

"मी बोलावलं म्हणून लोक चर्चमध्ये आले," तो म्हणाला. "पुढं काय लिहायचं ते लिहा. मला आत ठेवा."

तेओफिलानं माझ्याकडे पाहिलं. मी उठले. ओनेस्फोरनं मान वर केली आणि मला स्पष्ट दिसलं की त्याला तेच हवंय जे मला हवंय. तो डोळ्यांनी मला विनवत होता, म्हण. बोलून टाक.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आईला त्यानं नेलं होतं, आणि आता त्याची शिक्षाही त्याला माझ्याकडून हातात आणून हवी होती, म्हणजे तुरुंगात बसून म्हणता येईल की चला, फेडलं. आणि मी खोटं बोलले असते तर माझी आई एका लबाडाच्या जाळ्यात सापडलेली मूर्ख बाई ठरली असती. ती मूर्ख नव्हती. तिच्यावर जीव असणाऱ्या माणसाचं तिनं ऐकलं होतं.

मी सगळं सांगितलं. रस्त्यावरचं बोलणं, आजोबांचं नाव घेतलेलं, बोचकं, झगा, तीन घाव, दोर. फोकासकडे बोट दाखवून सांगितलं, "यानं कोयता उलटा मारला. उपकार मानले ते त्यानंतर." तीन बोटं तुटलेल्या हातानंच दाखवलं. "ओनेस्फोरला माहीत नव्हतं. त्याला वाटलं आम्ही वाचू. बायकोला त्यानं स्वतः आत आणून बसवलं होतं."

वाचलेल्या बायका माझ्याकडे बघेनात. एक तोंडावर म्हणाली, "विकली गेलीस." न्यायाधीशांनी अर्धा तास डोकी जुळवली आणि तेओफिलानं वाचलं, निर्दोष, आजच मोकळा.

माणसं पांगली. ओनेस्फोर गुलाबी कपड्यांत तसाच गवतावर बसून राहिला. मी जवळून गेले तेव्हा त्यानं माझ्या लुगड्याचं टोक धरलं.

"तीन शब्द बोलली असतीस, पोरी. तुझं काय गेलं असतं?"

"खोटे होते ते."

"मला तिथं बरं होतं गं. तिथं मला ओळखणारं कोणी नव्हतं."

त्याचं घर चर्चच्या दारासमोर आहे, चाळीस पावलांवर. खिडकी उघडली की ती पायरी दिसते. चर्चमध्ये आता हाडं आणि कपडे मांडून ठेवलेत, आईचं निळं लुगडंही तिथंच आहे. त्या घरात अकरा वर्षांत कोणी दिवा लावलेला नव्हता.

राग होता, आणि रागाखाली काका म्हणणारी चौदा वर्षांची पोरही होती. तिला मी वर येऊ दिलं नाही. मी त्याच्या मुठीतून लुगडं सोडवून घेतलं आणि म्हटलं, "घरी जा."